वाफ्यांना लोखंडी पट्टीची कड कशी लावायची: माती, खुंट्या, गंज आणि पाऊस धरून सगळं

वाफ्याच्या कडेला तिरक्या विटा लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पहिल्या वर्षी दिसतातही छान, पण दोन पावसाळे गेले की काही विटा आत झुकतात काही बाहेर येतात, मधल्या फटींतून हरळी घुसते आणि मग लॉन कुठं संपतं नि वाफा कुठं सुरू होतो तेच कळेनासं होतं. प्लास्टिकच्या एजिंगचा रोल स्वस्त पडतो पण आपल्या उन्हात तो कडक होऊन तडकतो. सिमेंटची कड घातली तर पुढं कधी वाफ्याचा आकार बदलावासा वाटला की घण घेऊनच उभं राहावं लागतं. लोखंडी पट्टीचं तसं नाही, तीन एमएमची बारीक रेघ दिसते, जागा खात नाही, हवी तशी वळते, लॉन कापायचं मशीन थेट कडेपर्यंत नेता येतं आणि उद्या नको वाटली तर उपसून दुसरीकडे लावता येते.

पण पट्टी नीट बसली तरच हे सगळं. लोक चौकशी करतात ती पट्टीची, किती जाडीची घेऊ, कुठला रंग देऊ, आणि ती जमिनीत कशाच्या आधारावर उभी राहणार आहे हे कोणी विचारत नाही. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, तिच्यात नुसती ठोकलेली पट्टी कितीही जाड असू दे, ती हलणार म्हणजे हलणारच. तेव्हा पैसे आणि वेळ वाचवायचाच असेल तर पट्टीच्या जाडीत वाचवा, खुंट्यांत आणि खोदाईत अजिबात वाचवू नका.

अजून एक आधीच सांगतो म्हणजे नंतर हिरमोड नको. पट्टी हरळीचे वरून सरपटणारे धुमारे अडवते, जमिनीखालून वरच्या चार-पाच इंचांत जाणारे बरेचसे अडवते, पण लव्हाळा ती अडवत नाही. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात आणि त्या पट्टीच्या खालून आरामात पलीकडे जातात. वाफ्यात लव्हाळा असेल तर आधी माती खणून, चाळून गाठी वेचा, त्या कामाला पट्टी हा पर्याय नाही.

लोखंड कुठलं घ्यायचं

साधं लोखंड म्हणजे एमएस, हे सगळ्यात स्वस्त, कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळतं, वेल्डिंग सोपं, वळवायला सोपं. गंजतं हे खरं, पण गंज किती लवकर येईल हे तुम्ही त्याला वर काय लावता यावर आहे, त्याबद्दल पुढं लिहिलंय. जीआयची चादर आधीच जस्त चढवलेली येते, दीड-दोन एमएममध्ये घेतली तर हलकी आणि घरच्या घरी वळवता येण्यासारखी, लहान वाफ्याला मस्त. तिचा तोटा एवढाच की जिथं कापाल तिथली कड उघडी पडते, आणि तिच्यावर वेल्डिंग करणं चांगलं नाही, जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप भरतो, थंडी वाजते. जीआयला नट-बोल्ट किंवा रिव्हेटच मारा.

स्टेनलेस परवडत असेल तर ३०४ ग्रेडचं घ्या, २०२ ग्रेड बाहेर ओलाव्यात डाग धरतं. समुद्राजवळ तर ३०४ वर पण तपकिरी डाग येतात, तिथं ३१६ लागतं आणि ते बागेच्या कडेला लावायचं म्हणजे बजेट फारच मोठं हवं.

आता कॉर्टेन, म्हणजे वर गंजाचाच संरक्षक थर धरणारं पोलाद, ज्याचे फोटो बघून आजकाल बरेच जण विचारतात. त्या गंजाचा रंग फार सुंदर दिसतो, मला पण आवडतो. पण कॉर्टेनवरचा तो संरक्षक थर तयार व्हायला पत्रा ओला होऊन परत वाळायला लागतो. जमिनीखालचा भाग वाळतच नाही, त्यामुळे तो साध्या लोखंडासारखाच गंजत राहतो. खाऱ्या हवेत पण तो थर टिकत नाही, म्हणजे मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, किनाऱ्याजवळ कुठंच माझ्या मते लावू नये. देशावर लावायचं तर जाडी थोडी जास्त घ्या आणि शेजारी कोटा किंवा फिक्या रंगाची फरशी असेल तर विचार सोडाच, पहिल्या पावसांत नारिंगी ओघळ येतात ते निघता निघत नाहीत.

माझं सरळ मत: घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात एमएस तीन एमएम, नीट रंगवलेलं. कोकणपट्टीत एमएसच, पण फॅब्रिकेशन पूर्ण झाल्यावर गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेलं. मोठ्या एमआयडीसींच्या आसपास हे काम करणारे असतात आणि किलोवर रेट घेतात, तुमचा फॅब्रिकेशनवाला बहुतेक त्यांना ओळखत असतो, दुसऱ्या मालाबरोबर तुमचा पाठवून देईल.

उंची म्हणाल तर लॉन आणि वाफा वेगळा करायला ४ इंच किमान, ६ इंच उत्तम. ४ इंचीमध्ये सव्वातीन-साडेतीन इंच जमिनीत जातात, हरळी जोरात असेल तर ते कमी पडतं. खडीचा किंवा मुरमाचा रस्ता नुसता बांधून ठेवायचा असेल तर मात्र ४ इंच पुरे.

दुकानात गेल्यावर एक गोष्ट कळेल की तयार फ्लॅट पट्टी रुंदीला जास्त घेतली की ती ५-६ एमएम जाडीतच सहज मिळते, ६ इंच रुंद आणि ३ एमएम जाड अशी मिळेलच असं नाही. मग ८ बाय ४ फुटी ३ एमएमची चादर घेऊन शेअरिंग मशीनवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर, पट्ट्या मारून घ्यायच्या. एका चादरीत ६ इंची आठ पट्ट्या बसतात, प्रत्येकी ८ फूट, म्हणजे एकूण ६४ फूट कड झाली, आणि चादरीचं वजन साधारण ७० किलो. फॅब्रिकेशनवाले जाडी सुतात बोलतात, १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ एमएम, तेव्हा तो "एक सूत" म्हणाला तर तुमचं बरोबर आहे.

लोखंड वजनावर मिळतं म्हणून हिशोब आधी करून जा. रुंदी एमएममध्ये गुणिले जाडी एमएममध्ये गुणिले ०.००७८५, हे झालं एका मीटरचं वजन किलोत. ६ इंची म्हणजे १५० एमएम, तीन एमएम जाड, मीटरला साधारण साडेतीन किलो. ४ इंची मीटरला २.३५ किलो. समजा कंपाउंडच्या भिंतीला लागून १५ फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा आहे, भिंतीकडची बाजू सोडली तर १५ आणि दोन्हीकडचे ४-४ मिळून २३ फूट म्हणजे ७ मीटर, त्याला ६ इंची पट्टी लागली तर साधारण २५ किलो. खुंट्या, जोडपट्ट्या आणि वाया जाणारं धरून वर दहा-पंधरा टक्के जास्त धरा. त्या दिवशीचा किलोचा रेट विचारला की खर्च तुम्हालाच काढता येतो, कोणी सांगेल तो आकडा मान्य करायची गरज नाही.

कधी करायचं

शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल वाफसा बघून. पट्टीला पण हेच लागू आहे. मे महिन्यात काळी माती दगडासारखी होते, खुंटी आत जात नाही आणि भेगांत पट्टी उभी केली तर पाऊस पडल्यावर माती फुगून ती भलतीकडेच सरकवते. भर पावसात चिखल, चर उभाच राहत नाही. पाऊस उघडल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास जमीन वाफशावर येते, मूठभर माती दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचला की फुटतो, तेव्हा काम करा. तेव्हा माती ना पूर्ण फुगलेली ना पूर्ण आटलेली अशी मधल्या स्थितीत असते, म्हणून पट्टीला नंतर दोन्हीकडे कमी हलावं लागतं. मुरमाड किंवा तांबड्या मातीत एवढं जपायचं कारण नाही, तिथं आदल्या दिवशी पाणी मारून ठेवलं की झालं.

आखणी

सरळ कडेला दोन खुंट्या आणि लाईनदोरी. वळणाला बागेचा पाण्याचा पाइप घ्या, अर्धा तास उन्हात टाका म्हणजे नरम पडतो, मग जमिनीवर हवा तसा फिरवा. फिरवल्यावर लगेच फक्की मारू नका, घरात जाऊन खिडकीतून बघा, गेटपासून बघा, गच्ची असेल तर वरून बघा. लहान लहान नागमोडी वळणं जमिनीवर उभं राहून छान वाटतात पण पट्टीत ती गिचमिड दिसतात आणि मशीन पण तिथं फिरत नाही. एक मोठं निवांत वळण कधीही चांगलं. ठरलं की पाइपाच्या कडेने फक्की किंवा रांगोळी टाका.

वळणाचा एक हिशोब लक्षात ठेवा. ३ एमएमची पट्टी साधारण ४ फूट त्रिज्येपर्यंत तिच्या स्वतःच्या स्प्रिंगवर वळते, खुंट्यांनी धरून ठेवली की काम होतं. त्याहून घट्ट वळण हवं असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून रोलिंग मशीनमधून काढून आणा, जागेवर ताकद लावून वाकवलेल्या पट्टीला एका ठिकाणी मोडल्यासारखा कोपरा येतो आणि तो कायम डोळ्यांत सलतो. दीड-दोन एमएम जीआय याहून बरीच घट्ट वळते.

खोदायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते आठवा. ठिबकची नळी, बागेतल्या दिव्यांची वायर, बोअरची केबल, सांडपाण्याचा पाइप. बिल्डरने वायर कुठून नेली हे माहीत नसेल तर त्या भागात पहार मारू नका, खुरप्याने हाताने उकरत जा, आणि दिव्यांचा मेन बंद ठेवूनच काम करा. ठिबकची नळी पट्टीच्या खालून न्यायची असेल तर आत्ताच एक इंची पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा त्या जागी आडवा टाकून ठेवा, पुढं नळी बदलायची वेळ आली तर पट्टी उपसावी लागत नाही.

फॅब्रिकेशन: सगळं दुकानात करून आणा

जागेवर वेल्डिंग शक्यतो नको. रंग जळतो, गॅल्व्हनाइझिंग जळतं, वाळलेल्या गवतावर ठिणग्या पडतात. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या फरशीवर पडल्या तर लोखंडाचे बारीक कण फरशीत बसतात, दोन दिवसांनी सगळीकडे गंजाचे ठिपके उमटतात. म्हणून माप घेऊन, कागदावर आकृती काढून, भोकं, जोड, खुंट्यांच्या जागा सगळं दुकानातच करून घ्यायचं.

खुंट्यांबद्दल जरा सविस्तर. बहुतेक ठिकाणी पट्टीच्या मागे सळईचे तुकडे थेट वेल्ड करतात आणि सगळं एकदम ठोकतात. मऊ मातीत हे चालतं. पण एक सळई जरी दगडावर अडली तरी अख्खी ८ फुटी पट्टी अडते आणि मग ती तिरकी होते. मला दुसरी पद्धत जास्त पटते: पट्टीच्या मागच्या बाजूला, म्हणजे वाफ्याकडच्या बाजूला, अर्धा इंची लोखंडी पाइपाचे दोन दोन इंचाचे तुकडे उभे वेल्ड करून घ्यायचे. पट्टी चरात बसवून लेव्हल झाली की त्या पाइपांतून १२ एमएमच्या सळईच्या खुंट्या सोडायच्या आणि ठोकायच्या. एखादी अडली तर तेवढी एकच काढून दगड फोडायचा किंवा ती आखूड करायची. खुंटीच्या डोक्यावर एक नट वेल्ड करून घ्या म्हणजे डोकं पाइपातून खाली जात नाही आणि पट्टी वर उचलली जायला लागली तर खुंटी तिला धरून ठेवते. काळ्या मातीत हे फार महत्त्वाचं आहे कारण फुगणारी माती पट्टीला वर ढकलत असते. पाइपाचा वरचा तोंडाकडचा भाग पट्टीच्या कडेपासून अडीच इंच खाली ठेवा, मातीत झाकला जातो आणि काही दिसत नाही.

खुंटीची लांबी काळ्या मातीत १८ इंच, जमलं तर २४, मुरमात किंवा तांबड्या मातीत १२ पुरे. खालचं टोक तिरकं कापून घ्या. अंतर सरळ भागात अडीच ते तीन फूट, वळणावर दीड-दोन फूट, आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना सहा इंचांच्या आत एक एक. रोल न करता स्प्रिंगवर वळवलेल्या पट्टीच्या टोकाला तर खुंटी हवीच, ती सारखी सरळ व्हायला बघत असते.

जोड करताना पट्टीवर पट्टी चढवू नका, जाड दिसतं. दोन्ही टोकं समोरासमोर आणून मागून चार-पाच इंचांची जोडपट्टी लावा, दोन्हीकडे दोन दोन ८ एमएमचे बोल्ट. एका बाजूची भोकं गोल आणि दुसऱ्या बाजूची लांबट करून घ्या आणि टोकांमध्ये दोन-तीन एमएमची फट सोडा. लोखंड उन्हात वाढतं, २० फुटी पट्टी ४० अंशांनी तापली तर साधारण ३ एमएम वाढते, आणि नागपूर-चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात जमिनीबाहेरची कड चांगलीच तापते. फट नसेल तर सरळ रेषेला मधेच पोट येतं. कोपऱ्यावर जोड कधीच नको, पट्टी कोपऱ्यात वाकवून घ्या आणि जोड तिथून फूटभर पुढं न्या.

वरच्या कडेकडे दुर्लक्ष करू नका. शेअरिंगवर कापलेल्या पट्टीला एका बाजूला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार किनार, येते, पोरं बागेत अनवाणी पळतात, म्हातारी माणसं चपलेने अडखळतात. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासायची चकती) लावून वरची कड बोट फिरवता येईल इतकी गोल करा. घरात लहान मुलं असतील तर मी म्हणेन वरून ६ एमएमची गोल सळई वेल्ड करूनच घ्या, खर्च थोडा वाढतो पण मग चिंता नाही, शिवाय पट्टीला ताठपणा येतो आणि रेघ जास्त नीटस दिसते.

रंग देताना आधी लोखंडावरची निळसर-काळी पापडी आणि गंज वायर ब्रश किंवा ग्राइंडरच्या चकतीने काढा, थिनरने पुसा. नुसतं रेड ऑक्साइड प्राइमर जमिनीखाली फार काळ तग धरत नाही. एपॉक्सी प्राइमरचे दोन हात द्या, मग जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबरी काळा रंग, ज्याला दुकानात ब्लॅक जपान म्हणतात तो, आणि वर दिसणाऱ्या भागाला तुमच्या आवडीचा इनॅमल. खालची कापलेली कड, भोकांच्या आतली बाजू, पाइपाच्या तुकड्यांची आतली बाजू, गंज इथूनच सुरू होतो आणि रंगारी इथंच ब्रश फिरवायचा विसरतो, तेव्हा उभं राहून करून घ्या. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. पावडर कोटिंग दिसायला सुरेख, पण ठोकताना दगडाने एक ओरखडा आला की त्याच्या खालून गंज पसरत जातो, त्यामुळे मला ते जमिनीतल्या कामाला पटत नाही.

चर आणि बसवणी

हातमोजे, गॉगल, बूट. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन बरीच वर्षं झाली नसेल घेतलं तर घेऊन टाका, माती, शेणखत आणि लोखंडाची धार हे तिन्ही एकत्र असतं.

लॉन तयार असेल तर आखलेल्या रेषेवर धारदार कुदळीने किंवा जुन्या सुऱ्याने गवताचा थर सरळ कापा, निघालेल्या गवताच्या चकत्या ओल्या गोणपाटाखाली ठेवा, नंतर मोकळ्या जागी लावता येतात. चर पाच-सहा इंच रुंद, आणि खोली पट्टीचा जेवढा भाग आत जायचा त्याहून एक इंच जास्त. लॉनकडची भिंत उभी सरळ ठेवा, वाफ्याकडची तिरकी झाली तरी चालते. पट्टी लॉनकडच्या सरळ भिंतीला टेकून उभी राहणार आहे, आधार तिकडून मिळतो आणि भरणी वाफ्याकडून करायची असते. खाली एक इंच कच टाकून सारखी करून घ्या.

मोठ्या झाडाजवळ थांबा. आंबा, चिकू, नारळ, कुठलंही, त्याच्या खोडाजवळून पट्टी न्यायचा हट्ट नको, जमेल तेवढं आळं मोठं ठेवा. अंगठ्याहून जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, पट्टीच्या खालच्या कडेला तेवढी खाच कापा आणि कापलेल्या जागी रंग लावा. आणि पट्टी उंच आहे म्हणून आळ्यात खोडापर्यंत माती चढवू नका, खोड ओलं राहतं, सडतं आणि वाळवी धरते.

आता पट्टी चरात ठेवा, जोडांचे बोल्ट हातानेच लावा, आवळू नका. उंची बघा: लॉनच्या मातीपासून अर्धा ते पाऊण इंच वर, बस्स. त्याहून वर असेल तर मशीनचं पातं लागतं, खाली असेल तर हरळी वरूनच उडी मारते. वाफ्यातली माती पट्टीच्या कडेपासून दीड इंच खाली ठेवायची म्हणजे पालापाचोळ्याचं आच्छादन टाकलं तरी ते पावसात लॉनवर वाहून येत नाही.

लेव्हलसाठी गवंड्याची पाण्याची नळी सगळ्यात भरवशाची, दोन माणसं लागतात पण कंपाउंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अचूक लेव्हल मिळते, नळीत बुडबुडा राहिला नाही ना एवढं बघा. मोबाइलमधल्या लेव्हलवर लांब पट्टी लावू नका. जमिनीला उतार असेल आणि तो दहा फुटांत तीन-चार इंचांपर्यंत असेल तर पट्टी उताराबरोबर जाऊ द्या, तेच नैसर्गिक दिसतं. त्याहून जास्त असेल तर पायऱ्या करा, प्रत्येक पायरीला पट्टीचा तुकडा वेगळा.

मग थोडी माती टाकून पट्टी उभी धरा आणि खुंट्या सोडायला लागा. एका टोकापासून सुरू करून क्रमाने, पण कुठलीच पहिल्या फेरीत पूर्ण ठोकायची नाही, दोन इंच वर ठेवा. सगळ्या उभ्या झाल्या की परत लांबून बघा, डोळा लेव्हलपेक्षा तिखट असतो, जिथं पोट आलंय किंवा दबलंय ते आत्ता एका हाताने सुधारतं. पट्टीच्या कडेवर लोखंडी हातोडा कधीच मारू नका, लाकडी ठोकळा ठेवून मारा किंवा रबरी हातोडी घ्या. खुंटी खाली उतरवताना तिच्या डोक्यावर दुसरी सळई ठेवून मारा म्हणजे हातोडा पट्टीला लागत नाही.

जांभ्या दगडाची जमीन असेल, रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात, तर सळई ठोकून जाणारच नाही. तिथं हॅमर ड्रिलने १४ एमएमचं भोक सहा-आठ इंच पाडा आणि खुंटी त्यात उतरवा, गरज वाटली तर थोडी सिमेंटची पेस्ट सोडा. एवढ्या आखूड खुंटीवरही तिथं पट्टी छान उभी राहते कारण जांभा फुगत नाही.

भरणी थराथराने. दोन-तीन इंच टाका, लाकडी दांड्याने ठेचा, परत टाका. काळी माती असेल तर वाफ्याकडच्या चरात खाली खोदलेलीच माती परत न घालता मुरूम आणि जाड कच भरा, वरचे दोन इंच फक्त बागेची माती. मुरूम फुगत नाही, त्यामुळे पट्टीला लागून एक न हलणारी पट्टाभर जागा तयार होते. माझ्या मते या एका गोष्टीने पट्टीच्या टिकण्यात जितका फरक पडतो तितका जाडी दुप्पट करूनही पडत नाही. लॉनच्या बाजूला फट राहिली असेल तर बारीक माती आणि वाळू कोंबून पायाने दाबा. हलकं पाणी मारा, दुसऱ्या दिवशी माती बसलेली असेल तिथं परत भरा, लेव्हल तपासा, मग खुंट्या पूर्ण खाली उतरवा आणि शेवटी जोडांचे बोल्ट आवळा, लांबट भोकाकडचे थोडे ढिले ठेवूनच. त्यासाठी जोडांच्या मागची जागा आदल्या दिवशी मोकळीच ठेवा, बोल्ट आवळून झाल्यावर ती भरा.

पाण्याला वाट

ही गोष्ट पावसाळ्यातच कळते म्हणून आधी सांगतो. वाफ्याच्या तिन्ही बाजूंना पट्टी आणि चौथीकडे कंपाउंडची भिंत म्हणजे तुम्ही एक छोटं तळं बांधलंय. कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो, पुण्यात सातशेच्या आसपास, पण पुण्यातली काळी माती पाणी सोडत नाही त्यामुळे त्रास दोन्हीकडे आहे. गुलाबाला दोन दिवस पायात पाणी उभं राहिलं की पानं पिवळी पडतात, लिंबाच्या मुळ्या कुजतात. म्हणून वाफ्याच्या सगळ्यात खालच्या बाजूला पट्टीत वाफ्यातल्या मातीच्या जरा खाली १२ एमएमची भोकं दीड-दोन फुटांवर पाडून घ्या, ही पण रंगाआधी दुकानातच, आणि भोकांच्या मागं मूठ-मूठ खडी ठेवा म्हणजे माती वाहून येत नाही. पलीकडची लॉनची जमीन त्या जागी भोकांहून खाली असली पाहिजे, नाहीतर पाणी बाहेर जाणार कुठं, तेव्हा तिथं हातभर उतार काढून द्या. पट्टी भिंतीला जिथं मिळते तिथं अर्धा इंच फट ठेवून तीही खडीने भरा.

पहिला पावसाळा आणि नंतर

पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर चक्कर मारा. पट्टी कुठं वर आली असेल तर ओल्यातच ठोकळा ठेवून खाली बसवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या तपासा, वाळल्यावर ती बसत नाही. माती खचली असेल तिथं मुरूम टाका. तिथं सारखंच वर येत असेल तर लांब खुंटी घाला, पट्टीवर ताकद लावत बसू नका.

खतं टाकताना पोटॅश, युरिया पट्टीला लागून पडू देऊ नका, खारांनी लोखंड फार लवकर खाल्लं जातं, ताजं शेण पण लांबच. लॉनकडून आलेले हरळीचे धुमारे पट्टीवर डोकावले की महिन्याला एकदा कात्रीने उडवा, ते वाफ्यात टेकले आणि मूळ धरलं की परत खणणं आलं. मशीनवाल्याला पट्टी दाखवून ठेवा, ब्रश कटरची दोरी रंगाला लागून लागून कड उघडी पाडते.

आणि दरवर्षी दिवाळीआधी, बाग आवरायला काढताच त्या वेळी, वाफ्याकडची माती दोन इंच बाजूला करून चार-पाच ठिकाणी आत बघा. वरून रंग शाबूत दिसतो आणि जमिनीच्या बरोबर रेषेवर, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथं फोड आलेले असतात. तेवढाच भाग वायर ब्रशने घासा, एपॉक्सी प्राइमर लावा, वाळला की ब्लॅक जपानचे दोन हात मारा आणि दुसऱ्या दिवशी माती ओढून घ्या.